डोळ्यात बसविलेले भिंग आणि डोळ्याच्या पेशी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना फळ्यावर काढलेल्या आकृत्या येथे देता आलेल्या नाहीत. वाचकांनी त्या कागदावर काढून पाहाव्यात, म्हणजे समजण्यास सोपे जाईल.)



मी कला शाखेचा पदवीधर, बी.ए., बी.एड. आहे. त्यामुळे मी भाषेवर किंवा इतिहासावर बोलेन अशी काहींची अपेक्षा असणार. परंतु मी आज डोळ्याविषयी बोलणार आहे, आणि तेही डोळ्यातील पेशींविषयी. कारण साधे आहे. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी दादी, नाना, चाचा असे एक तरी माणूस असेल की ज्याचा मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसविलेले आहे. "भिंग घातले" एवढे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. पण त्या भिंगाला डोळा काय म्हणतो, त्याचे स्वागत करतो की त्याच्याशी भांडतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते ठाऊक नसल्यामुळे काही माणसे दिसू शकत असतानाही अंधूक जगात बसून राहतात. मी नेत्रतज्ज्ञ नाही. औषध सांगणार नाही. वाचून व विचारून जे पक्के समजले आहे तेवढेच सांगेन.

प्रथम नैसर्गिक भिंग पाहू. बुबुळाच्या काळ्या बाहुलीमागे ते असते. आकार मसुराच्या डाळीसारखा, दोन्ही बाजूंनी फुगीर. अरबी शिकणाऱ्या मुलांना एक गंमत सांगतो. अरबीत मसुराला 'अदस' म्हणतात आणि भिंगाला 'अदसा'. इंग्रजीतला 'लेन्स' हा शब्दही लॅटिनमधल्या मसुराच्याच नावावरून आला. दोन दूरच्या भाषांना एकाच डाळीची आठवण झाली!

हे भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असते. द्राक्षाची साल आणि आतला गर डोळ्यांसमोर आणा. पिशवीचा मागचा भाग इतका पातळ असतो की, एका मिलिमीटरचे २५० भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी त्याची जाडी भरेल. पिशवीच्या पुढच्या भिंतीला आतून पेशींचे एकेरी अस्तर असते. मागच्या भिंतीला असे अस्तर नसते. ती कोरी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सारी कथा या कोऱ्या भिंतीवर घडते.

अस्तरातल्या पेशी भिंगाच्या कडेशी जन्मभर विभागत राहतात. नवी पेशी लांब होत जाते, आपले केंद्रक टाकून देते आणि काचेसारखा स्वच्छ तंतू बनते. कातडीच्या जुन्या पेशी गळून पडतात, केस गळतात, पण भिंगाचा तंतू कोठे गळणार? पिशवी चोहोबाजूंनी बंद आहे. म्हणून नवे थर जुन्यावर चढत जातात. आपल्या भिंगाच्या अगदी मध्याशी असलेले तंतू आपण आईच्या पोटात असतानाचे आहेत. तेथे रक्तवाहिनी नाही, दुरुस्ती करणारे कोणी नाही. साठ-सत्तर वर्षांत त्या तंतूंतली प्रथिने एकमेकांना चिकटतात, गढूळ होतात, तोच मोतीबिंदू. तो डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, खुद्द भिंगच गढूळ झालेले असते. थेंबांनी तो विरघळत नाही, हेही यावरून समजावे.

मोतीबिंदूवरचा जुना उपाय म्हणजे सुईने ते भिंग मागे ढकलून देणे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे, आणि आपल्याकडे गावोगाव फिरणारे मोती पाडणारे वैदू परवापरवापर्यंत होते. सुमारे १००० वर्षांपूर्वी मोसुलचे अम्मार इब्न अली हे हकीम इजिप्तमध्ये होते. त्यांनी पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू शोषून घेण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. १७४७ साली फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी भिंग छेद घेऊन बाहेर काढले. परंतु काढल्यावर जागा रिकामी राहायची आणि रुग्णाच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा. तो चष्मा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. समोरचे मोठे दिसायचे, बाजूचे दिसायचेच नाही, आणि जिना उतरताना पायरी कोठे आहे हे कळायचे नाही.

रिकाम्या जागी दुसरे भिंग का ठेवू नये? प्रश्न सोपा, पण त्यामागे भीती होती. शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्यावर तुटून पडते. बोटात बाभळीचा काटा मोडला तर दोन दिवसांत काय होते हे आपण जाणतो. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला तर तो गंजतो आणि दृष्टिपटलाचा नाश करतो. तांब्याचा असेल तर डोळा लालभडक सुजतो. म्हणून डोळ्याच्या आत बाहेरची वस्तू ठेवणे म्हणजे डोळा गमावणे, असाच डॉक्टरांचा समज होता.

तो समज दुसऱ्या महायुद्धाने हलविला. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या चालकाच्या डोक्यावर पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे आच्छादन असे. ऑगस्ट १९४० मध्ये ६०१ व्या स्क्वाड्रनच्या गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचे आच्छादन फुटले आणि त्याच्या बारीक ठिकऱ्या त्याच्या डोळ्यांत घुसल्या. अशा जखमी वैमानिकांना तपासणाऱ्यांत लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली होते. त्यांना दिसले की, पर्स्पेक्सचे कण डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा त्यांच्याशी झगडत नाही. कण आहे, पण दाह नाही. पुढे एका वैद्यकीय विद्यार्थ्याने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहून रिडलींना विचारले की, काढलेल्या भिंगाच्या जागी आपण दुसरे बसवीत का नाही? विद्यार्थी मित्रांनो, वर्गात असे प्रश्न विचारीत जा. शिक्षक रागावले तरी चालेल.

नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात रिडलींनी हे काम आरंभिले आणि फेब्रुवारी १९५० मध्ये पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात भिंग कायमचे बसले. भिंग रेनर कंपनीने पर्स्पेक्सच्याच शुद्ध प्रकाराचे घडविले होते. डोळ्याने ते सोसले, पण शक्तीचा अंदाज चुकला. पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा अधिक वाकविते, आणि त्या बाईंना सुमारे उणे १८ नंबरचा चष्मा लागला. १९५१ साली ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडलींनी आपले काम मांडले तेव्हा मोठ्या नावाच्या मंडळींनी पाठ फिरविली. पुढची कित्येक वर्षे त्यांना टीका सोसावी लागली. शेवटी २००० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि २००१ साली ते वारले. त्याआधी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत अशीच भिंगे बसविली गेली होती. टीकाकार मात्र सर्वस्वी चुकीचे होते असे मला वाटत नाही. ठिकरी एका कोपऱ्यात निपचित पडून राहणे वेगळे आणि भिंग डोळ्याच्या ऐन मध्यभागी पन्नास वर्षे राहणे वेगळे. डोळा निपचित राहत नाही, हे पुढे दिसून आलेच.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येतो.

भिंग आत गेल्यावर पहिली हालचाल रक्ताकडून होते. एरवी रक्त आणि डोळ्याच्या पुढच्या खोलीतले स्वच्छ पाणी यांच्यामध्ये कडक पहारा असतो. रक्तातली प्रथिने व पेशी त्या पाण्यात सहजासहजी येऊ शकत नाहीत. म्हणून तर ते पाणी स्वच्छ असते. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने हा पहारा काही काळ ढिला पडतो. प्रथिने पाण्यात उतरतात आणि भिंगाच्या पृष्ठभागावर त्यांचा पातळ लेप बसतो. पाठोपाठ भक्षक पेशी येतात. या पेशी म्हणजे शरीराचे झाडूवाले आणि चौकीदार दोन्ही. त्या भिंगावर चढतात, ते चाचपतात आणि गिळण्याचा प्रयत्न करतात. पण सहा मिलिमीटर रुंदीची चकती गिळणार कशी? तेव्हा काही पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या राक्षसी पेशी तयार होतात. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या छायाचित्रांत भिंगाच्या पाठीवर बसलेल्या अशा पेशी स्पष्ट दिसतात. भिंगाचा पदार्थ निरुपद्रवी असेल, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत व स्वच्छ असेल तर काही आठवड्यांत-महिन्यांत त्या थकून ओसरतात. सुरुवातीच्या काळात भिंग निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या रसायनाचा अंश त्यावर राहिल्यामुळेही दाह होत असे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर काही आठवडे जे थेंब देतात ते या चौकीदारांना शांत करण्यासाठी असतात. आपल्याकडे डोळ्याची लाली गेली की "आता बरे आहे" म्हणून बाटली फडताळात जाते. लाली गेली म्हणजे आतला दाह संपला असे नसते. पालकहो, सांगितलेल्या दिवसापर्यंत थेंब घाला. आणि पहिल्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिसणे कमी झाले तर रात्र असो की सणाचा दिवस, त्याच वेळी डॉक्टरांकडे जा. ते जंतूंचे लक्षण असू शकते आणि तेथे तासांचा हिशेब असतो. मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यात दाह अधिक होतो, म्हणून साखर ताब्यात ठेवूनच शस्त्रक्रियेला जावे हे डॉक्टर सांगतात ते उगीच नाही.

दुसऱ्या पेशी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, म्हणजे पारपटलाच्या, आतल्या अस्तरात असतात. त्या बिचाऱ्या कोणाशी भांडत नाहीत. पारपटलातले पाणी सतत बाहेर उपसणे हे त्यांचे काम. गळक्या होडीतून पाणी उपसणाऱ्या नावाड्यासारख्या त्या अहोरात्र राबतात, म्हणून पारपटल कोरडे व स्वच्छ राहते. तरुण माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये त्या सुमारे ३००० असतात. पण माणसाच्या डोळ्यात त्या नव्याने निर्माण होत नाहीत. एक मेली की शेजारच्या पसरून तिची जागा भरतात, एवढेच. संख्या फार घटली की उपसा थांबतो, पारपटल सुजते आणि पांढुरके होते.

१९७६ साली अमेरिकेत कॉफमन व काट्झ यांनी दाखवून दिले की, पर्स्पेक्सचे भिंग आत सरकवताना या अस्तराला नुसते टेकले तरी पेशी भिंगाला चिकटून उपटून निघतात. ओल्या भिंतीवर चिकटलेला कागद ओढावा तसा प्रकार! उपाय निघाला तो चिकट व लवचिक अशा एका द्रवाचा. हायलुरोनिक आम्लाचा हा घट्ट पारदर्शक द्रव डोळ्यात भरला की, भिंग आणि पेशी यांच्यात गादी तयार होते. मूळचे हंगेरीचे शास्त्रज्ञ एंड्रे बालाझ यांनी तो शुद्ध करून आणला आणि १९८० पासून तो शस्त्रक्रियेत वापरात आला. तो काढला कशापासून, तर कोंबड्याच्या तुऱ्यापासून. वर्गात हे सांगितले की मुले हसतात आणि मग विसरत नाहीत. तेव्हाची काही भिंगे बाहुलीच्या पुढे बसविली जात. ती हलून घासत आणि वर्षांनुवर्षे या अस्तराची झीज करीत. त्यांतली बरीच पुढे काढावी लागली. म्हणून आता शक्य असेल तेथे भिंग मागे, त्याच जुन्या पिशवीत ठेवतात.

आणि येथेच तिसऱ्या पेशींची गाठ पडते. माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे.

पिशवीत भिंग ठेवायचे तर पिशवी राखली पाहिजे. म्हणून पुढच्या भिंतीला गोल खिडकी पाडतात, आतला गढूळ गर काढतात आणि घडी केलेले मऊ भिंग आत सोडतात. १९६७ साली अमेरिकेतल्या चार्ल्स केल्मन यांनी अतिध्वनीच्या कंपनांनी गर फोडून शोषून घेण्याची युक्ती आणली, तेव्हापासून छेदही लहान झाला. पूर्वी सोडावॉटरचा चष्मा देणाऱ्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा पिशवीसकट सगळे भिंग काढीत. त्या लोकांना पुढचा त्रास कधीच झाला नाही, कारण पिशवी नाही तर तिच्या पेशीही नाहीत. नव्या पद्धतीने पिशवी राखली आणि तिच्याबरोबर थोड्या जुन्या रहिवासी पेशीही राखल्या. शस्त्रक्रिया करणारा कितीही कुशल असला तरी पिशवीच्या कडेशी, रंगीत पडद्याआड, जेथे त्याची नजर पोचत नाही तेथे काही पेशी उरतातच.

या उरलेल्या पेशी काय करतात? त्यांना जखम झाल्याचे कळते. जखम भरणे हा पेशींचा धर्म. त्या विभागू लागतात आणि पसरू लागतात. पुढे रिकामी, कोरी मागची भिंत! इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या विद्यापीठात मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया करून, पिशव्या काचपात्रात ठेवून पाहिले गेले. प्रथिनांचा कणही नसलेल्या द्रवात या पेशी वाढल्या आणि मागची भिंत त्यांनी झाकून टाकली. एवढी चिवट जात! त्यांना बाहेरून खाणे लागत नाही, त्या एकमेकींना लागणारे संदेश स्वतःच तयार करतात.

त्यांचे दोन स्वभाव आहेत. पिशवीच्या पुढच्या कडेच्या काही पेशी आपले रूपच बदलतात. त्या स्नायूंसारख्या आकुंचन पावू लागतात, तंतू विणतात आणि पिशवीला सुरकुत्या पाडतात. खिडकीच्या स्वच्छ काचेवर चुरगळलेला पातळ कागद लावावा तसे मग दिसते. कडेच्या दुसऱ्या पेशी मात्र आपले जुने काम विसरत नाहीत. त्या अजूनही भिंगाचे तंतू बनवू पाहतात. पण घडण बिघडलेली असते, म्हणून तंतूंऐवजी साबुदाण्यासारखे फुगीर मणी तयार होतात. डॉक्टर त्यांना मोतीच म्हणतात. या पेशी मुद्दाम शत्रुत्व करीत नाहीत. घर पाडल्याचे न कळलेल्या गवंड्यासारख्या त्या विटा रचीत राहतात.

परिणाम असा की, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी पुन्हा धुके येते. अनेक अभ्यास एकत्र करून १९९८ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा पाच वर्षांत सुमारे २८ टक्के डोळ्यांत हे होते असे दिसले. म्हणजे चारांत एकाहून अधिक.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्क खाला आहेत. शस्त्रक्रियेनंतर त्या चष्मा लावून बारीक अक्षर वाचीत, तांदूळ निवडीत, नातवंडांची दप्तरे तपासून पाहत. तिसऱ्या वर्षी धूसर दिसू लागले. कोणी म्हणाले, मोती परत आला. कोणी म्हणाले, फुकटच्या शिबिरातले भिंग, ते असेच निघायचे. एकीने नजर लागल्याचे सांगितले. खालांनी स्वतः ठरविले की, आता वय झाले. चार वर्षे त्या भिंतीला हात लावून घरात फिरत होत्या. मधुमेहाच्या तपासणीसाठी गेल्या असता तेथल्या डॉक्टरांनी डोळ्यात दिवा टाकून पाहिला आणि नेत्रविभागात पाठविले. तेथे काही मिनिटांत काम झाले. टाका नाही, पट्टी नाही. चार वर्षे कशात गेली याचा हिशेब कोणी कोणाला विचारला नाही.

मोती परत आलेला नव्हता. येऊच शकत नाही, कारण भिंगच काढलेले असते. बसविलेले भिंगही खराब नव्हते. मागच्या कोऱ्या भिंतीवर पेशी पसरल्या होत्या एवढेच. त्यावर याग नावाच्या लेसरचे काही ठोके देऊन त्या भिंतीला मध्यभागी लहानसे भोक पाडतात. १९८० च्या सुमारास पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फांकहाउझर यांनी हा लेसर डोळ्यासाठी वापरात आणला. पेशींना पसरायला जमीन लागते; भोकाच्या जागी जमीनच उरत नाही, म्हणून बहुतेकांना ते एकदाच करावे लागते. त्यातही धोका अगदीच नाही असे नव्हे. क्वचित दृष्टिपटल सुटू शकते. लेसरनंतर अचानक काळे ठिपके पुष्कळ दिसू लागले, विजा चमकल्यासारखे झाले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले तर ताबडतोब दाखवावे.

आता शास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुंदर गोष्ट. १९९० नंतरच्या काळात डॉक्टरांना आढळले की, एका विशिष्ट मऊ ॲक्रिलिक भिंगामागे धुके कमी येते. सर्वांना वाटले की गुण पदार्थाचा. जपानमध्ये ओसाकाचे ओकिहिरो निशी यांनी सशांच्या डोळ्यांत वेगवेगळी भिंगे बसवून पाहिली. त्यांनी त्याच पदार्थाच्या भिंगाची धार घासून गोल केली, तेव्हा तो गुण बहुतांशी नाहीसा झाला. म्हणजे मुख्य किमया पदार्थाची नव्हती, कडेची होती! भिंगाची मागची कड चौकोनी, धारदार असली की पिशवी तिच्यावर ताणून बसते आणि तेथे काटकोनासारखी वळते. सरपटत येणाऱ्या पेशी त्या वळणाशी थबकतात. शेताला घातलेल्या बांधासारखी ती कड काम करते. पदार्थाचा काहीच वाटा नाही असे मात्र नाही. फिनलंडच्या रेयो लिनोला यांनी दाखविले की, काही भिंगांवर फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन अधिक बसते आणि पिशवी भिंगाला घट्ट चिकटते, त्यामुळे मधून घुसायला जागा राहत नाही.

हे ज्ञान केवळ महागड्या भिंगांपुरते राहिले नाही, याचा मला विशेष आनंद वाटतो. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. परदेशी भिंग गरिबाला परवडत नाही म्हणून १९९२ साली त्याच संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि फार कमी किमतीत भिंगे तयार केली. साध्या पर्स्पेक्सच्या जातीच्या स्वस्त भिंगालाही चौकोनी कड दिली तर काय होते, याची तेथे अनेक वर्षे पाहणी झाली, आणि गोल कडेच्या भिंगापेक्षा धुके कमी आढळले. म्हणून "स्वस्त भिंग म्हणजे वाईट भिंग" असे धरून चालू नये. विचारायचे असेल तर डॉक्टरांना भिंगाच्या कडेविषयी विचारा. ते जरा चकित होतील, पण उत्तर देतील. शस्त्रक्रियेनंतर भिंगाच्या नावाची व नंबरची चिठ्ठी किंवा कार्ड मिळते. ते औषधाच्या पावत्यांबरोबर फेकू नका, रेशनकार्डाजवळ ठेवा.

"सर, या पेशी औषध घालून मारून का टाकत नाहीत?" असा प्रश्न नववीतल्या एका मुलीने विचारला होता. प्रयत्न पुष्कळ झाले. जे औषध या पेशींना मारते ते शेजारच्या पारपटलाच्या अस्तरालाही मारू शकते, आणि ते अस्तर पुन्हा येत नाही हे आपण पाहिले. ज्या पेशी नको आहेत त्या अमर आणि ज्या हव्या आहेत त्या नाजूक, अशी ही अडचण आहे.

राहता राहिली लहान मुले. मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो असे नाही. तो घेऊन काही बाळे जन्मतात. बाळाच्या बाहुलीत पांढुरकी झाक दिसली, बाळ आईच्या तोंडाकडे नजर लावीत नसेल, तर "मोठे झाले की बघू" म्हणू नका. मेंदूला पाहायला शिकण्याची वेळ पहिल्या महिन्यांतच असते, ती गेली की नंतर उत्तम भिंग बसवूनही उपयोग होत नाही. बाळाच्या पेशी तरुण असल्याने फार वेगाने वाढतात. म्हणून अगदी लहान मुलांत शस्त्रक्रियेच्या वेळीच मागच्या भिंतीलाही खिडकी पाडून ठेवतात.

याच वेगाचा एक उलटा उपयोग चीनमधील व अमेरिकेतील संशोधकांनी करून पाहिला. २०१६ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की, चीनमध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या १२ बाळांत त्यांनी पिशवीला अगदी लहान छेद कडेला घेतला, गढूळ गर काढला आणि अस्तराच्या पेशी जपून ठेवल्या. कृत्रिम भिंग घातलेच नाही. त्या पेशींनी काही महिन्यांत पिशवीत नवे पारदर्शक भिंग तयार केले. जो गवंडी आपल्याला नको होता, त्याच्याच हाती पुन्हा घर बांधायला दिले! पण हा बाळांवरचा आरंभीचा प्रयोग आहे. वृद्धांच्या पेशींत तो जोर नसतो, आणि आपल्याकडच्या इस्पितळात गेल्यावर हा उपचार मिळेल असे समजू नये. तेथे आज जे मिळते ते घ्यावे, आणि बाळ असेल तर त्याच आठवड्यात घेऊन जावे.